हेअर ट्रान्सप्लांटनंतर डोक्यावर पुळ्या : वाचकांचे प्रश्न, त्वचारोगतज्ज्ञांची उत्तरे

हेअर ट्रान्सप्लांट करून घेतलेल्या वाचकांची पत्रे गेले काही महिने सतत येत आहेत आणि त्यांतला गोंधळ बहुतेक वेळा सारखाच असतो : डोक्यावर पुळ्या आल्या आहेत, लावलेले केस गेले की काय, आणि कोणीतरी सुचवलेले अमुक औषध लावू का. त्यांतले काही प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रावरून किंवा मोबाइलवरच्या फोटोवरून निदान करता येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

शस्त्रक्रियेला सात आठवडे झाले. लावलेले केस गळून गेले आणि आता कपाळाच्या वरच्या रेषेत पाच-सहा बारीक, पांढऱ्या तोंडाच्या पुळ्या आल्या आहेत. त्या दुखत नाहीत. माझे ग्राफ्ट वाया गेले का? (वय 34, नाशिक)

बहुधा नाही. ग्राफ्ट म्हणजे मुळासकट काढून रोवलेला केसांचा छोटा पुंजका. त्यातला केस पहिल्या दोन ते सहा आठवड्यांत गळतो, पण त्याचे मूळ त्वचेखाली जिवंत असते. ते काही काळ विश्रांती घेते आणि साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून नवा केस वर येऊ लागतो. हा केस सुरुवातीला इतका बारीक आणि मऊ असतो की भरून आलेल्या त्वचेतून त्याला कधीकधी वाटच मिळत नाही. मग तो आतल्या आत वळतो आणि शरीर त्याच्याशी काटा रुतल्यासारखे वागते : तेवढ्या जागी लाली येते, थोडा पू धरतो. डर्मोस्कोप, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणारे भिंग, टेकवून पाहिले, की अशा पुळीच्या पातळ पडद्याखाली घड्याळाच्या स्प्रिंगसारखा गुंडाळलेला केस स्पष्ट दिसतो. अशा पुळीत पुष्कळदा जंतू नसतातच आणि ती काही दिवसांत आपोआप बसते. सातव्या आठवड्यात ग्राफ्ट घट्ट बसलेले असतात, त्यामुळे कोमट पाण्यात बुडवून पिळलेले स्वच्छ सुती कापड दिवसातून दोन-तीन वेळा पाच-दहा मिनिटे ठेवायला हरकत नाही. डोके सौम्य शाम्पूने, नखे न लावता, नेहमीप्रमाणे धुवा. पुळ्या वाढत गेल्या, दुखू लागल्या किंवा दोन आठवड्यांत बसल्या नाहीत, तर ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांना प्रत्यक्ष दाखवा.

पिकलेली पुळी स्वच्छ सुईने फोडली तर चालेल का? (पुणे)

नाही, घरातली सुई निर्जंतुक नसते आणि दाबलेल्या पुळीतला पू बाहेर येतो तितकाच आतही पसरतो.

पुळ्या आल्यावर मेडिकलमधून एक मलम आणले. तीन दिवसांत लाली गेली, पण मलम बंद केले की पुन्हा दुपटीने येतात. दीड महिना लावतो आहे. चालू ठेवू का? (वय 29, कोल्हापूर)

या पत्राचे उत्तर मी सविस्तर देणार आहे, कारण दवाखान्यात मला सर्वांत जास्त त्रास याच मलमाने झालेला दिसतो.

आधी ट्यूब हातात घ्या आणि तिच्यावरची बारीक अक्षरे वाचा. त्यांत क्लोबेटासॉल, बीटामेथासोन किंवा बेक्लोमेथासोन यांपैकी एखादे नाव सापडेल, त्याच्या पुढे मायकोनॅझोल किंवा क्लोट्रिमॅझोलसारखे बुरशीचे औषध आणि त्याच्याही पुढे निओमायसिन किंवा जेंटामायसिनसारखे अँटिबायोटिक असेल. दुखणे कोणते आहे हे कोणी पाहिलेलेच नसते, म्हणून तीन दुखण्यांची औषधे एका नळीत भरून दिली जातात. यातले पहिले औषध स्टिरॉइड आहे, आणि क्लोबेटासॉल तर त्वचेवर लावायच्या स्टिरॉइडांपैकी सर्वांत तीव्र गटातले आहे. तीन दिवसांत लाली गेली ती पुळी बरी झाली म्हणून गेली नाही. जंतूंविरुद्ध लाली, सूज आणि उष्णता निर्माण करण्याची त्वचेची शक्ती स्टिरॉइडने दाबून टाकली. खाली जंतू असतील तर ते तसेच राहतात, बुरशी असेल तर ती निवांत पसरते, आणि मलम थांबले की दाबलेला दाह एकदम उसळतो. तुम्हाला ते दुपटीने वाटते ते यामुळेच. शिवाय डोक्याची त्वचा औषध फार शोषते : हायड्रोकॉर्टिसोनवर झालेल्या जुन्या मोजणीत हाताच्या पुढच्या भागापेक्षा ती सुमारे 3.5 पट शोषते असे आढळले होते. नुकत्याच भरून येणाऱ्या, हजारो बारीक छेद घेतलेल्या त्वचेवर असे मलम दीड महिना लावणे मला धोक्याचे वाटते. त्वचा पातळ होते, तिच्यावर लाल रक्तवाहिन्यांचे जाळे दिसू लागते आणि स्टिरॉइडमुळेच एकसारख्या आकाराच्या नव्या पुळ्यांचे पीक येते. रुग्णाला वाटते की मूळ रोग वाढला, म्हणून तो आणखी मलम लावतो.

गेल्या वर्षी एक तरुण आला होता. 'काही औषध घेता का', असे दोनदा विचारले, दोन्ही वेळा तो नाही म्हणाला. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्याने खिशातून एक ट्यूब काढली, टूथपेस्टसारखी शेवटपर्यंत गुंडाळत नेलेली, आणि म्हणाला, "डॉक्टर, हे औषध नाही, साधं मलम आहे." पुढच्या रेषेतली त्याची त्वचा चकचकीत आणि इतकी पातळ झाली होती की कंगव्याच्या दातांचे ओरखडे तिच्यावर उमटले होते. पुवाची तपासणी केली, पण मलमातल्या अँटिबायोटिकमुळे प्रयोगशाळेत काहीच वाढले नाही, आणि उपचार कशाच्या आधारे करायचा हा प्रश्न आणखी अवघड झाला.

2018 साली केंद्र सरकारने अशा अनेक स्टिरॉइड मलमांची डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विक्री करण्यास मनाई केली. तरीही 'पुळ्यांवर काहीतरी द्या' एवढे सांगून ती आजही मिळतात, याचा मला मनापासून राग येतो. हीच गोष्ट घरातल्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्यांची. डोक्यावरच्या काही पुळ्या मॅलॅसेझिया नावाच्या यीस्टमुळे, म्हणजे एका प्रकारच्या बुरशीमुळे, येतात. त्या खाजतात, आणि अँटिबायोटिकने कमी होण्याऐवजी वाढू शकतात. जंतूंच्या पुळ्यांना डॉक्सिसायक्लिनसारखे औषध लागू शकते, पण किती दिवस आणि कोणाला, हे पाहून ठरवायचे असते, आणि शक्य असेल तेव्हा पुवाचा नमुना गोळी सुरू करण्याआधी घ्यायचा असतो.

तेव्हा तुमच्यापुरते सांगायचे तर ट्यूब संपण्याची वाट पाहू नका आणि दुसरी ट्यूबही आणू नका. याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, ट्यूब सोबत न्या आणि किती दिवस, दिवसातून किती वेळा लावले, ते खरे सांगा. दीड महिन्याच्या वापरानंतर ते कसे थांबवायचे, हे त्यांनाच ठरवू द्या.

दिवाळीत अभ्यंगस्नान करायचे आहे. शस्त्रक्रियेला महिना झाला असेल. डोक्याला तेल लावू का? आई म्हणते, तेलाने पुळ्या बसतील. (ठाणे)

अंगाला लावा, डोक्याला या वर्षी नको. तेलाने छिद्रांची तोंडे बुजतात आणि वर उल्लेखलेली यीस्ट तेलावरच जगते. हळद, कांद्याचा रस, कोरफडीचा कापलेला गर आणि उटणे यांनाही हेच उत्तर.

नवव्या दिवसापासून लावलेल्या भागात ठणका आहे, पिवळट पाणी येते, काल ताप होता. मध्यभागी रुपयाएवढा काळसर डाग आहे. क्लिनिकच्या नंबरवर फोटो पाठवला, तिकडून 'नॉर्मल आहे, काळजी करू नका' असे उत्तर आले. मला मधुमेह आहे. थांबू का? (वय 46, छत्रपती संभाजीनगर)

थांबू नका. माझ्याकडे पत्र येताच मी तुम्हाला वेगळे कळवले आहे. येथे छापतो आहे ते इतरांसाठी. ताप, वाढत जाणारा ठणका, पसरणारी लाली, दुर्गंधी किंवा वाहणारा पू, मानेत किंवा कानामागे आलेल्या गाठी, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहिले पाहिजे. काळसर डाग ही तर वेगळीच काळजी आहे, कारण तेवढ्या त्वचेचा रक्तपुरवठा तुटून ती मरत असल्याची ती खूण असू शकते, आणि त्यात एकेका दिवसाला किंमत असते. ती सुकलेल्या रक्ताची खपलीही असेल, पण हा फरक फोटोवरून करायचा नसतो. मधुमेहात जखम सावकाश भरते आणि संसर्ग लवकर पसरतो, म्हणून साखर आजच तपासा.

त्या नंबरवर उत्तर देणारी व्यक्ती डॉक्टर आहे का, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. अनेक ठिकाणी तेथे 'काउन्सेलर' म्हणजे विक्री विभागातले कर्मचारी बसलेले असतात. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सप्टेंबर 2022 मध्ये स्पष्ट केले, की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून हेअर ट्रान्सप्लांट करण्याइतके प्रशिक्षण होत नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचे नाव आणि नोंदणी क्रमांक तुमच्या कागदांवर असायलाच हवा. ते भेटत नसतील, तर जवळच्या रुग्णालयातल्या त्वचारोग किंवा प्लास्टिक सर्जरी विभागात जा.

मी दुबईत नोकरी करतो, शस्त्रक्रिया इस्तंबूलला झाली. आता पाचवा महिना आहे. एका जागी वाटाण्याएवढी टणक गाठ आहे, महिनाभर तशीच आहे, दाबली की थोडी दुखते. (वय 38)

ही पुळी नसून सिस्ट असण्याची शक्यता आहे. ग्राफ्ट गरजेपेक्षा खोल गेला किंवा एका छिद्रात दोन बसले, तर त्वचेचा तुकडा आत अडकतो आणि त्याच्याभोवती पिशवी तयार होते. मलमाने ती जात नाही आणि दाबल्यास आतल्या आत फुटून मोठा दाह होतो. दुबईतच त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. आवश्यक असेल तर जागा बधिर करून ती छोट्या छेदातून काढतात. इस्तंबूलहून शस्त्रक्रियेचा कागद मागवून घ्या : कोणत्या पद्धतीने केले, किती ग्राफ्ट लावले, कोणती औषधे दिली. परदेशी जाऊन शस्त्रक्रिया करणाऱ्यांनी हा कागद विमानात बसण्यापूर्वीच हातात घ्यावा.

पुळ्यांसाठी क्लिनिकने सहा सिटिंगचे लेझर आणि पीआरपीचे पॅकेज सुचवले आहे. आज पैसे भरले तर सवलत आहे. (नागपूर)

भरू नका. आधी पुळ्यांचे निदान लेखी मागा. पीआरपी, म्हणजे रुग्णाच्याच रक्तातला प्लेटलेट्सचा भाग वेगळा करून टोचणे, हा पुळ्यांवरचा प्रस्थापित उपचार नाही, आणि पुळ्यांच्या उपचाराला 'आजच' अशी सवलत कशासाठी असते, हे दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्यावर तुमच्या लक्षात येईल.

मिनॉक्सिडिल पुन्हा सुरू केल्यापासून खाज आणि बारीक पुरळ आहे. (बेळगाव)

मिनॉक्सिडिल हे केस वाढीसाठी डोक्याला लावायचे औषध. त्याच्या द्रावणातल्या प्रॉपिलिन ग्लायकॉलने किंवा अल्कोहोलने असे होऊ शकते. ज्यांनी लिहून दिले त्यांना विचारून थांबवा, फेसाच्या (फोम) रूपात मिळणाऱ्या मिनॉक्सिडिलमध्ये प्रॉपिलिन ग्लायकॉल सहसा नसते.

रोज दुचाकीने कामावर जातो. हेल्मेटच्या घामाने मागच्या, केस काढलेल्या भागात पुळ्या येतात. हेल्मेट घालणे बंद करू का? (पुणे)

हेल्मेटशिवाय दुचाकी चालवण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही आठवडे, तुमचे डॉक्टर सांगतील तोपर्यंत, दुचाकीच बाजूला ठेवा आणि बसने किंवा रिक्षाने जा. त्यानंतर आत रोज धुतलेला पातळ सुती रुमाल बांधा, हेल्मेटचे अस्तर निघत असेल तर दर आठवड्याला धुऊन उन्हात वाळवा, आणि पोहोचल्यावर घाम टिपून घ्या, घासू नका. मानेच्या वरच्या रेषेत खाजणाऱ्या, टणक होत जाणाऱ्या गाठी दिसल्या, तर ते दुखणे वेगळे असू शकते आणि व्रण सोडते. तेवढे मात्र केशकर्तनालयात मागे वस्तरा मारून घेण्यापूर्वी दाखवून घ्या.