डोंगराच्या चित्रात दूरच्या रांगा दूर कशा दिसतील?

तैलरंगात डोंगर रंगवताना मागच्या रांगाही पुढे आल्यासारख्या दिसतात, असे आपण विचारले आहे. हवा निळा प्रकाश अधिक विखुरते, त्यामुळे अंतर वाढेल तसा डोंगर फिकट व निळसर होत जातो आणि त्यावरील ऊन-सावलीतला फरकही कमी होतो. म्हणून आधी आकाश, मग सर्वांत दूरची रांग, अशा क्रमाने पुढे यावे. त्या रांगेसाठी आकाशाच्याच मिश्रणात थोडा अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि किंचित बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळावा. शुद्ध हिरवा तिथे कटाक्षाने टाळावा. निरभ्र आकाशाखाली बर्फावरील सावलीसुद्धा निळसर असते, नुसती करडी नव्हे. कडेकपारींचे तपशील, सुरीने दिलेला जाड रंग आणि ठळक कडा जवळच्या डोंगरापुरत्याच राखाव्यात, कारण माझ्या मते बहुतेक चित्रे दूरच्या रांगेवर केलेल्या जास्तीच्या कामामुळेच बिघडतात.