बांधावरची गुळवेल : लागवड, तोडणी आणि ओळख

प्रश्न : बांधावर कडुनिंबाची झाडे आहेत. त्यांवर गुळवेल चढवून खोड विकता येईल काय? घरी काढ्यासाठी तीच वेल वापरली तर चालेल काय?

उत्तर : कडुनिंबावर वाढलेली गुळवेल परंपरेने अधिक गुणकारी मानली जाते, त्यामुळे आपला विचार योग्य आहे. मे-जूनमध्ये निरोगी वेलीच्या पक्व खोडाचे, दोन डोळे असलेले सहा ते आठ इंचांचे तुकडे घ्यावेत आणि बुडख्याकडची बाजू मातीत राहील अशा रीतीने झाडाच्या बुंध्यापासून थोडे दूर लावावेत. पाणी साचू देऊ नये. खोड सुमारे अडीच सेंटिमीटर जाड झाल्यावर पावसाळ्यानंतर तोडणी करावी. बुडखा मात्र राखावा, कारण त्यातूनच वेल पुन्हा फुटते. खोडाचे लहान तुकडे करून सावलीत वाळवावेत. खरेदीदार आधी ठरवूनच लागवड वाढवावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

आता ओळखीविषयी, कारण खरी चूक येथेच होते. गुळवेलीसारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा ही वेल काही ठिकाणी गुळवेल म्हणून लावली जाते. तिचे खोड करडे व ठसठशीत गाठींनी भरलेले असते आणि कापल्यावर दुधट स्राव येतो. खऱ्या गुळवेलीची पातळ साल नखाने खरवडली की आत हिरवा थर दिसतो, खोडावर तशा गाठी नसतात आणि दुधट स्राव येत नाही. खोड आडवे कापल्यास चाकाच्या आऱ्यांसारखी रचना दिसते; संस्कृतात तिला ‘चक्रलक्षणा’ म्हणतात ते यामुळेच. तोडली तरी पुन्हा वाढते म्हणून ती ‘छिन्नरुहा’. आपल्या पूर्वजांनी वेल किती बारकाईने पाहिली होती, हे या दोन नावांतून कळते.

आयुर्वेदात गुळवेल प्रामुख्याने तापावर दिली जाते. संशमनी वटी ही आयुर्वेदिक गोळी तिच्यापासूनच करतात. ओली खोडे ठेचून पाण्यात कोळली आणि पाणी निवळू दिले की तळाशी बसणारा पांढरा साका वाळवून सत्त्व मिळते. तथापि, कोविडच्या काळात गुळवेल घेणाऱ्या काही व्यक्तींना यकृताचा त्रास झाल्याच्या नोंदी मुंबईतील डॉक्टरांनी प्रसिद्ध केल्या होत्या, आणि त्यावर वेलीच्या ओळखीचा प्रश्नही पुढे आला. म्हणून यकृताचा किंवा स्वप्रतिकारशक्तीचा (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा) आजार असलेल्यांनी, मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि गर्भवती महिलांनी वैद्य वा डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढा घेऊ नये. इतरांनीही तो महिनोन्महिने स्वतःच्या मनाने चालू ठेवू नये. लागवडीपूर्वी पान व फुलोऱ्यासह वेलीचा एक तुकडा कृषी विद्यापीठातील किंवा जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या जाणकाराला दाखवून घ्यावा.