चोवीस तास दोघांनाही सारखेच?

प्रश्न: मी लातूर जिल्ह्यातला कोरडवाहू शेतकरी, ओबीसी. मुलीला नीटला पहिल्यांदा 290, रिपीट करून 365. साडूच्या मुलाला 590. तो लातुरात क्लासजवळ खोली घेऊन राहतो, पण दिवस दोघांनाही चोवीस तासांचाच ना? हिची आई कंबरदुखीनं अंथरुणाला. ही घरचं आवरून साडेसहाची एसटी धरते, सहाला परतते. पाठचे दोघे भाऊ दहावीत आणि आठवीत. हिची जिद्द कमी पडते. आता नर्सिंगची सीईटी देऊन बसलीय. नर्स म्हणजे डॉक्टरच्या हाताखाली जन्म काढायचा. एकर विकून पुन्हा रिपीट करायला लावू का?

उत्तर: दादा, नीटचं आधी उरकतो. परीक्षा कितीही वेळा देता येते, वयाची वरची अट नाही.

मला खटकली ती जिद्द. साडेसहाच्या एसटीआधी पाच माणसांच्या भाकरी थापायच्या, तर पोरगी उठते कधी? परतल्यावर पुन्हा चूल, भांडी, आईचं औषधपाणी. म्हणजे पुस्तक उघडणार नऊनंतर, पेंगत. साडूच्या मुलाला डबा खोलीवर येतो, शंका आली तर सर हाकेच्या अंतरावर. त्यानं मेहनत केली नाही असं म्हणत नाही, पण ही तुलना तुम्ही कशाच्या जोरावर करता? तिचे 75 गुण याच रगाड्यात वाढलेत. आणि तुमच्या पत्रात दोन मुलगेही आहेत. त्यांच्या वाट्याचं एकही काम मला सापडलं नाही. घरी राहून तिसऱ्यांदा नीट म्हणजे तोच रगाडा आणखी एक वर्ष, वर विकलेल्या रानाचं ओझं तिच्या डोक्यावर. रान विकू नका.

आता ते ‘हाताखाली’. आयसीयूत रात्री तीनला रुग्णाचा ऑक्सिजन घसरतो, तेव्हा खाटेशी नर्स असते; डॉक्टर येईपर्यंत रुग्णाला तीच सांभाळते. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. नोंदणी झाली की एम्सच्या नॉरसेट परीक्षेतून नर्सिंग ऑफिसर होता येतं. मूळ वेतन 44,900, भत्ते वेगळे. ती परीक्षा सोपी नाही, खासगी दवाखान्यांत सुरुवातीचा पगार तोकडा असतो आणि रात्रपाळ्या सुटत नाहीत. पण दोन वर्षांचं एम.एस्सी. करून कॉलेजात शिकवायची वाटही आहे. पोरीनं स्वतःहून सीईटी दिली, यात मला तरी हार दिसत नाही.

2024-25पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्य सरकार भरतं. त्यासाठी प्रवेश कॅपमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच घ्यायचा; कॉलेज आणि कोर्स योजनेत बसतो का, हे पर्याय भरण्याआधी विचारून घ्या. मेस आणि वसतिगृहाचा खर्च मात्र बघावा लागेल. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअरचा अर्ज याच आठवड्यात सेतूत टाका, प्रवेश सुरू झाले की तिथं झुंबड उडते. आणि अर्ज टाकायला थोरल्या मुलाला पाठवा.