मनगट कुणी धरलंय?

"मॅडम, मी जरा मऊ पडलो की पोरगं हाताबाहेर गेलंच म्हणून समजा."

वीस-बावीस वर्षं आईबापांच्या समुपदेशनाचं काम करतेय, हे वाक्य किती बापांच्या तोंडून ऐकलं त्याला गणती नाही. आया 'डोक्यावर बसेल' म्हणतात, बाप 'हाताबाहेर जाईल' म्हणतात. यातला 'हात' मात्र इतक्या वर्षांत मी कधी नीट ऐकलाच नव्हता. तो कानावर आला आयकिदो ही जपानी मार्शल आर्ट शिकणाऱ्या एका माणसामुळे.

त्याला आपण मंदार म्हणू. नाव आणि बारीकसारीक तपशील बदललेत, आणि छापण्याआधी त्याला वाचायला दिलंय. मूळचा पुण्याचा, चाळिशीच्या उंबरठ्यावरचा सॉफ्टवेअरवाला, दोन वर्षांपूर्वी बायको आणि तेरा वर्षांच्या मुलासह तोक्योला गेलेला. राहायला निशी-कासाईत. एदोगावा वॉर्डातल्या या भागात आपली माणसं इतकी आहेत की तूरडाळीसाठी लांब जावं लागत नाही. जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, म्हणून त्याचे रात्रीचे साडेनऊ ते माझे संध्याकाळचे सहा. दर गुरुवारी सहाला मी लॅपटॉप उघडून बसायची. हा साडेतीन तासांचा हिशेब लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे. माझ्या तो लक्षात राहिला नाही.

तक्रार नेहमीचीच, मोबाइलची. रात्री अकरा-साडेअकरापर्यंत मुलगा फोन सोडत नाही, सकाळी उठत नाही, काही विचारलं तर नुसतं "हं". मंदार फोन मागणार, तो देणार नाही, मंदार मनगट धरणार, तो हिसडा देणार. एकदा त्या ओढाताणीत पोराचं कोपर कपाटाच्या कडेवर सणकून आपटलं. त्या रात्री बायकोने माझा नंबर त्याच्या पुढ्यात ठेवला.

पहिल्या दोन भेटींत मी पाठ झालेला सल्ला दिला. नियम दोघांनी मिळून ठरवा, कागदावर लिहून फ्रिजला लावा, दहाला सगळ्यांचे फोन हॉलमध्ये, आणि एकदा ठरलं की ठाम राहा. सल्ला चुकीचा नाही, अजूनही देते. पण 'ठाम' या शब्दाचं काय होतं ते समोर कोण बसलंय त्यावर ठरतं. तिसऱ्या भेटीत मंदार म्हणाला, "ठाम राहिलो, मॅडम. या वेळी दोन्ही हातांनी धरलं."

पेन खाली ठेवून मी गप्प बसले. तेव्हा, विषय बदलायला म्हणून असेल, तो आयकिदोबद्दल बोलायला लागला.

जपानला आलोच आहोत तर पोराला मार्शल आर्ट शिकवू, जरा शिस्त लागेल, म्हणून त्याने दोघांची नावं घातली होती. वॉर्डाच्या व्यायामशाळेतल्या छोट्याशा दोजोत, म्हणजे सरावाच्या जागी, दर शनिवारी. मुलाने दोन महिन्यांत क्लासला रामराम ठोकला. बापाने पैसे भरले होते म्हणून बाप जात राहिला. त्याला वाटलं होतं लाथा-बुक्क्या शिकवतील. तिथे पहिले काही शनिवार फक्त पडायला शिकवलं. पुढे पडा, मागे पडा, लोळण घेऊन उठा. गुडघे मुडपून बसायचं, वाकून नमस्कार करायचा, पुन्हा पडायचं. स्पर्धा नाहीत, कोण जिंकलं कोण हरलं नाही. जोडी लावायची, एकाने धरायचं, दुसऱ्याने सोडवायचं, चार वेळा झालं की अदलाबदल.

"जिममध्ये ऐंशी किलो उचलतो मी," तो म्हणाला, "आणि तिथे एक आजी आहेत. सत्तरी ओलांडलेली असेल. केस पांढरेशुभ्र, माझ्या खांद्याला लागतील न लागतील एवढ्या."

क्लासच्या शेवटी एक बैठा सराव असतो. दोघांनी समोरासमोर गुडघ्यांवर बसायचं, एकाने दुसऱ्याची दोन्ही मनगटं घट्ट धरायची. मंदारने आजींची मनगटं जिमच्या ताकदीने आवळली. त्या काही करतायत असं दिसेचना. श्वास सोडला, खांदे खाली आले, बोटं पसरली, हात त्याच्याकडे किंचित वर सरकले. आणि मंदार कुशीवर आडवा.

"त्यांनी मला ढकललं नाही हो. मी माझ्याच जोरावर लटकलेलो होतो, त्यांनी फक्त खुंटी काढून घेतली."

मग पाळी उलट. आजींनी त्याची मनगटं धरली, अगदी हलकी. तो दात-ओठ खाऊन रेटायला लागला, तसूभर हलेना. आजींनी त्याच्या दोन्ही खांद्यांवर टपटप केलं आणि म्हणाल्या, "काता नो चिकारा ओ नुइते." खांद्यातली ताकद काढून टाका. दर शनिवारी हेच वाक्य. मंदार वैतागला होता. ताकद काढली तर उरतं काय?

नेमका हाच प्रश्न घेऊन तो माझ्याकडे आला होता, मुलाच्या बाबतीत.

मला या विद्येतलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून वाचलं. मोरिहेई उएशिबा हे तिचे संस्थापक. 1883 चा जन्म, वाकायामा प्रांतातल्या तानाबे गावचा. उंची पाच फुटांच्या आसपास. 1915 मध्ये होक्काइदोत सोकाकु ताकेदा यांच्याकडे त्यांनी दाइतो-र्‍यू ही जुजुत्सूची कडक विद्या घेतली, नंतर ओमोतो या धर्मपंथाकडे वळले, आणि 'आयकिदो' हे नाव रुळायला 1942 उजाडलं. 'आय' म्हणजे जुळणं, 'की' म्हणजे आतली शक्ती, 'दो' म्हणजे मार्ग. त्यांचे शिष्य कोइची तोहेई यांनी 1971 मध्ये या 'की'साठी वेगळी संस्थाच काढली. गंमत म्हणजे तोहेई यांचे दुसरे गुरू, नाकामुरा तेम्पू, क्षयाने पोखरलेलं शरीर घेऊन हिमालयात आले होते आणि कांचनगंगेच्या परिसरात योग शिकून परतले होते. हे मंदारला सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे 'की' म्हणजे आपला प्राणच की!" आणि स्वतःच्याच विनोदावर हसला. इतक्या भेटींत पहिल्यांदा.

'की' ही खरोखरची अदृश्य शक्ती आहे की नाही यात मी पडत नाही. ते माझं क्षेत्र नाही. पण तोहेई यांच्या परंपरेत नवख्याला दाखवतात तो 'न वाकणारा हात' मी घरी करून पाहिला. तुम्हीही करा, दोन मिनिटांचं काम आहे.

स्वयंपाकघरात नवऱ्याला उभं केलं. माझा हात लांब करून मनगट त्याच्या खांद्यावर टेकवलं, तळवा वर. त्याने दोन्ही हात माझ्या कोपराच्या लवणीवर ठेवून खाली दाबायचं, हात वाकवायचा. पहिल्यांदा मी मूठ आवळून, श्वास कोंडून कडक झाले. हात थरथरला आणि वाकला. दुसऱ्यांदा मूठ उघडली, खांदा सोडला, आणि हात म्हणजे पाण्याचा पाइप आहे, बोटांतून पाणी निघून समोरच्या खिडकीबाहेर पेरूच्या झाडावर पडतंय, असं मनात धरलं. नवरा दाबतोय, मी झाडाकडे बघतेय. हात वाकेना. "तू काहीतरी करतेयस," तो म्हणाला. मी काहीतरी करायचं थांबले होते.

यात चमत्कार नाही. दंडाचा पुढचा स्नायू, जो फुगवून मुलं बेटकुळी दाखवतात, त्याचं काम कोपर वाकवणं. मागचा स्नायू कोपर सरळ ठेवतो. आपण कडक होतो तेव्हा दोन्ही आवळतो, म्हणजे वाकवणाऱ्याला आतून आपलाच एक स्नायू सामील असतो. बाहेर कुठेतरी लक्ष गेलं की हा घरभेदी सुटतो आणि कामाचा तेवढा स्नायू काम करत राहतो. शिवाय हात लुळाही पडत नाही, हे महत्त्वाचं. लुळा हात तर लगेच वाकतो. सैल आणि ढिला यांत फरक आहे, आणि नऊवारीची गाठ मारणाऱ्या कुठल्याही आजीला तो माहीत असतो.

मंदारला मात्र दोनच गोष्टी माहीत होत्या. आवळणं, नाहीतर सोडून देणं. सहा दिवस मनगट धरायचं आणि सातव्या दिवशी "जा, काय करायचं ते कर" म्हणून पाठ फिरवायची. मुलाच्या बाजूने पाहिलं तर दोन्ही वेळा बाप हजर नाही.

पुढच्या गुरुवारी मंदार उत्साहात होता. "मॅडम, कळलं मला. पोरगं अंगावर आलं की मी आयकिदो करायचा. तो हल्ला करतो, मी शांतपणे वळवतो."

मी विचारलं, "घरी मनगट कोण धरतं?"

पडद्यावर त्याचा चेहरा इतका वेळ स्थिर राहिला की मला वाटलं नेट गेलं.

दोजोत धरणाऱ्याला 'उके' म्हणतात. हल्ला त्याचा, आणि शेवटी पडतोही तोच. धरणाऱ्याला वाटतं समोरचा आपल्या हातात आहे. खरं तर ज्याने मूठ आवळली त्याचाच हात अडकलेला असतो, त्याचंच वजन समोरच्यावर टेकलेलं असतं. आजींनी दर शनिवारी त्याला हेच दाखवलं होतं, पण त्याने स्वतःला कायम आजींच्या जागी बसवलं होतं. घरात उके तो होता. आणि हिसडा देणारा तेरा वर्षांचा पोरगा, आयकिदोच्या हिशेबाने, स्वतःचा बचाव करत होता.

इथे थोडं आडवळण. 'आय'चा अर्थ 'जुळणं' असं लिहिताना माझा हात अडखळला. 'जुळवून घे' हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बाईलाच सांगितलं जातं, आणि बऱ्याचदा त्याचा अर्थ 'सोस' असाच असतो. मागे एका व्याख्यानात हात न वाकण्याची गंमत सांगितली, तर नंतर एक बाई हळूच विचारायला आल्या, "नवरा हात उगारतो तेव्हाही असं सैलच राहायचं का?" नाही. अजिबात नाही. तिथून निघायचं, सुरक्षित जागी जायचं, 112 किंवा महिलांसाठीच्या 181 वर फोन करायचा. उएशिबांच्या विद्येतही पहिली गोष्ट माराच्या रेषेतून बाजूला होणं हीच आहे. मार खात उभं राहण्याला तिथे कुणी मऊपणा म्हणत नाही. मी मंदारशी बोलत होते ते घरातल्या बलवान माणसाशी. मऊ होण्याचा सल्ला आधी त्याच्यासाठी असतो.

तर मग मंदारने करायचं काय? दोजोतच उत्तर पडलेलं होतं. मनगट धरल्यावर अगदी सुरुवातीला शिकवतात ती हालचाल म्हणजे 'तेनकान'. धरलेला हात ओढायचा नाही, तो आहे तिथेच ठेवायचा आणि स्वतः पाय मागे घेत वळून समोरच्याच्या शेजारी उभं राहायचं. आता दोघांची तोंडं एकाच दिशेला. त्याला जे दिसतंय ते तुम्हाला दिसतं. मी म्हटलं, हे घरी करा. फोन मागू नका, फोनच्या पुढ्यात उभे राहू नका. आठवडाभर रात्री अकराला त्याच्या शेजारी जाऊन बसा आणि तो बघतोय ते बघा.

"तो बसू देणार नाही."

"मग दारात बसा. खांदे सोडून."

पहिल्या रात्री मुलगा उठून बाथरूममध्ये गेला, फोनसकट. दुसऱ्या रात्री म्हणाला, "काय?" मंदार म्हणाला, "काही नाही." (हे 'काही नाही' त्याला फार जड गेलं, असं त्याने मला सांगितलं. ऐंशी किलोपेक्षा जड.) तिसऱ्या की चौथ्या रात्री मुलाने पाय थोडे आवरून जागा केली. फोनवर गेम होता, पण गेम कुणी नीट खेळत नव्हतं. कानातल्या यंत्रातून चार पोरांचा मराठीत कालवा चालला होता. कुणाच्या सोसायटीत गणपतीची वर्गणी, कुठल्या सरांनी कुणाला वर्गाबाहेर काढलं, कोण कुणावर लाइन मारतो.

पुण्याची मुलं. पाचवी-सहावीपर्यंतची त्याची गँग. ती ट्यूशन आणि ग्राउंड उरकून घरी येतात साडेसातला. पुण्याचे साडेसात म्हणजे तोक्योचे रात्रीचे अकरा.

मंदार हे सांगत होता तेव्हा मी लॅपटॉपच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे बघत होते. सहा वाजून वीस मिनिटं. हे साडेतीन तास मी दर आठवड्याला मोजत होते, माझ्या सोयीसाठी. पोराचं आख्खं जग त्याच साडेतीन तासांच्या फटीत होतं, आणि दोन भेटी मी फ्रिजवरच्या तक्त्यात घालवल्या.

त्यानंतर तक्ता झाला, पण वेगळा. शुक्रवार-शनिवार तोक्योतले रात्रीचे अकरा ते बारा पुण्याच्या गँगसाठी, बापाने तोंड घालायचं नाही. इतर दिवशी साडेदहाला फोन हॉलमध्ये. शिवाय रविवारी जपानच्या दुपारी, म्हणजे पुण्याच्या सकाळी, हवा तितका वेळ. हे मुलानेच सुचवलं, कारण रविवारी सकाळी पोरं घरी सापडतात. नियम पाळला जातो का? बऱ्यापैकी. परीक्षेच्या आठवड्यात सगळं कोलमडलं, मंदार एकदा खच्चून ओरडला, मुलाने दार आपटलं. दार आपटण्यावर माझ्याकडे इलाज नाही, तेरा-चौदाव्या वर्षी दारं आपटतात. पण कोपर परत कुठे आपटलं नाही.

आमच्या भेटी आता दोन महिन्यांतून एकदा होतात. गेल्या वेळी मंदार पडद्यासमोर बसला तोच पाय लांब करून.

"काय झालं?"

"परवा पुन्हा धरलं, मॅडम. मनगट. बुधवार होता, अकरा वाजून गेले होते, माझंही ऑफिसचं डोकं गरम. हात आपोआप गेला."

"आणि?"

"त्याने हिसडा दिला नाही. हात तिथेच ठेवला आणि गर्रकन वळला. तेनकान! दोनच महिने आला होता क्लासला, साल्याच्या लक्षात आहे. मी सरळ सोफ्याच्या कडेवरून खाली. बायको आधी हसली, मग तो, मग मीपण."

"आणि फोन?"

"फोन ना? त्याने स्वतःच नेऊन ठेवला हॉलमध्ये. नंतर मला बर्फ आणून दिला." त्याने गुडघा चोळला. "शनिवारी आजींना काय सांगायचं याचा विचार करतोय."