वाचकांचे प्रश्न : शांत मुलीलाही एडीएचडी?

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची आहे. दंगा अजिबात नाही, पण वही हरवते, गणित अर्धवट सोडते. शिक्षिका म्हणतात, ‘स्वप्नाळू आहे.’ हा एडीएचडी (लक्ष न टिकणे किंवा अतिचंचलता) असू शकतो का?

उत्तर : असू शकतो. वर्गात त्रास न देणारी मुलं, विशेषतः मुली, नजरेतून सुटतात आणि ‘आळशी’ ठरतात, याचं फार वाईट वाटतं. निदानासाठी लक्ष न लागण्याच्या नऊ लक्षणांपैकी किमान सहा, कमीत कमी सहा महिने दिसावी लागतात, आणि त्यातली काही घरी आणि शाळेत दोन्हीकडे. काही लक्षणं बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात. रक्ततपासणीने किंवा मेंदूच्या स्कॅनने निदान होत नाही. आधी कान, डोळे, झोप तपासा. रात्री घोरणारं मूलही दिवसा असंच हरवल्यासारखं दिसतं. मग दोन आठवडे नोंदी ठेवा: ‘लक्ष नाही’ असं मोघम नको, ‘दहा उदाहरणांपैकी चौथ्यावर उठली’ असं लिहा. त्या नोंदी आणि शिक्षिकांचं लेखी निरीक्षण घेऊन बालविकासतज्ज्ञ किंवा बालमानसोपचारतज्ज्ञांकडे जा.

तोवर एका वेळी एकच सूचना द्या, गृहपाठाचे दहा-दहा मिनिटांचे तुकडे करा. शाबासकी लगेच द्या. महिनाअखेरच्या बक्षिसाचा या मुलांवर फारसा परिणाम होत नाही. औषधांचा निर्णय निदानानंतर, डॉक्टरांशी बोलूनच घ्या.