मुक्त सॉफ्टवेअरची संस्था आणि उसनी घटना

प्रश्न (पुणे) : मराठी कळफलकाचा आमचा मुक्तस्रोत (कोड सगळ्यांना खुला असलेला) प्रकल्प आहे. साठ जणांनी कोड दिलाय. सोसायटी नोंदवताना सगळ्यांना सभासद करावं का?

उत्तर : करू नका. नोंदणीला सात जण पुरतात. कोड देणाऱ्याचा मान मोठाच, पण सभासद झाला की तो कोरममध्ये, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान हजेरीच्या हिशेबात, मोजला जातो. एक-तृतीयांश कोरम ठेवलात तर प्रत्येक सभेला वीस जण हवेत. रविवारी सकाळी आठ जमले तरी खूप! अर्ज आणि वार्षिक वर्गणी भरणाराच सभासद, असं लिहा.

याहून मोठा खड्डा म्हणजे उसनी घटना, म्हणजे दुसऱ्या संस्थेची उचललेली नियमावली. माझ्याकडे आलेल्या एका गटानं शाळा चालवणाऱ्या संस्थेची घटना जशीच्या तशी उतरवली होती. तिच्यात सभेची सूचना टपालानं, सभा नोंदणीकृत कार्यालयात. कार्यालय म्हणजे एकाच्या आईवडिलांचा फ्लॅट, आणि निम्मे सभासद बंगळुरूला. सभा व्हिडिओवर होत राहिल्या. नवं कार्यकारी मंडळ निवडलं की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट (बदलाचा अहवाल) द्यावा लागतो. तो दिला, तेव्हा सूचनेचा पुरावा मागितला गेला. टपालाची एक पावती नव्हती. चांगली पोरं, महिनोन्महिने खेटे घालत राहिली. ईमेलनं सूचना, व्हिडिओवरची हजेरी आणि कोरमअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासानं घेण्याची मुभा, ही तीन कलमं नोंदणीआधीच घाला.

प्रश्न (नाशिक) : डोमेन (वेबसाइटचा पत्ता) आणि कोडचं खातं मूळ प्रोग्रामरच्या नावावर आहे. चालेल?

उत्तर : नाही. तो उद्या रुसला किंवा आजारी पडला तर संस्थेच्या हाती फक्त लेटरहेड उरेल. पहिल्याच सभेत ठराव करून दोन्ही संस्थेच्या नावे घ्या आणि चाव्या (पासवर्ड) किमान दोघांकडे ठेवा. कोडचा कॉपीराइट मात्र लिहिणाऱ्याकडेच राहू द्या. परवाना मुक्त असला की काम भागतं.

प्रश्न (न्यू जर्सी) : आम्ही मित्र इथून देणगी पाठवू का?

उत्तर : पासपोर्ट कुणाचा, ते आधी बघा. भारतीय नागरिकानं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे परदेशी देणगी ठरत नाहीत. अमेरिकी नागरिकत्व घेतलेल्याचे ठरतात, मग तो जन्मानं सातारचा का असेना. त्यासाठी एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी लागते; ती मागायला संस्था तीन वर्षं जुनी आणि त्या काळात कामावर 15 लाख खर्च केलेली हवी. तोवर एखाद्या ठरावीक देणगीपुरती पूर्वपरवानगी मागता येते. ती हाती येईपर्यंत एक डॉलरही खात्यात घेऊ नका.