देवावाचून तर्क नाही, मान्य. पण कुठला देव?

तुझा प्रश्न थोडक्यात पुन्हा लिहितो, म्हणजे मागाहून वाचणाऱ्यांनाही कळेल. तू खानापूरकडचा, बेळगावात इंजिनिअरिंगला, हॉस्टेलवर राहणारा. रूममेट म्हणाला, "बायबल खरं, कारण बायबलच तसं सांगतं, हे तर चक्र झालं." तू त्याला एका अमेरिकन व्हिडिओतला युक्तिवाद ऐकवलास: देव मानल्याशिवाय तर्काचे नियमच उभे राहत नाहीत, म्हणजे वाद घालतोस तोही देवाच्याच जिवावर. तो हसून म्हणाला, "मग आमचा विठोबा आहे की!" आणि तुझी बोलती बंद झाली. आता विचारतोस, ख्रिस्ती विश्वास तर्काला धरून सुसंगत आहे असं दाखवता येतं का, आणि तेवढ्यावर भागतं का.

दाखवता येतं. भागत मात्र नाही.

ती पद्धत कॉर्नेलियस व्हॅन टिल (१८९५–१९८७) यांची. जन्म हॉलंडचा, शिकवलं फिलाडेल्फियाच्या वेस्टमिन्स्टर सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयात. त्यांचं म्हणणं असं की तटस्थ जागा कुणालाच मिळत नाही; जो तो काही ना काही धरूनच विचाराला बसतो. म्हणून एकेक पुरावा सुटा मोजत बसू नका, अख्खी विश्वदृष्टी तपासा. ती मानली तर विचार करणं, बरंवाईट ठरवणं, विज्ञान करणं यांना आधार उरतो का ते बघा. त्यांचे शिष्य ग्रेग बान्सन यांनी १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनच्या विद्यापीठात नास्तिक गॉर्डन स्टीन यांच्याशी जाहीर वाद घातला तो याच धाटणीचा. तर्काचे नियम म्हणजे माणसांनी ठरवलेले संकेत, असं स्टीन म्हणाले आणि अडकले. माणसांनी ठरवलेलं माणसं बदलू शकतात. पण 'एकच गोष्ट एकाच अर्थी आहेही आणि नाहीही' हे कुठल्या ग्रामसभेनं ठराव करून खरं होणार आहे?

जडवाद्यापुढं, म्हणजे जड पदार्थापलीकडं काहीच न मानणाऱ्यापुढं, हा युक्तिवाद चांगलाच चालतो. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमनं अठराव्या शतकातच दाखवलं होतं की 'आजवर असं झालं म्हणून पुढंही होईल' हे सिद्ध करायला तेच वाक्य आधी धरून चालावं लागतं. तुझ्या रूममेटचं लॅबमधलं सगळं काम त्याच वाक्यावर चालतं, तुझंही. कारणाचं कारण विचारत गेलं की अनवस्था, फिरून तिथंच आलं की चक्रक, मध्येच थांबलं की गृहीतक. आपल्याकडच्या नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांना, हे दोष पाठ होते. त्यातून ख्रिस्ती सुटत नाही, नास्तिकही सुटत नाही. पण म्हणून सगळीच चक्रं सारख्या लायकीची होत नाहीत. 'बायबल खरं, कारण बायबल म्हणतं' हे वाक्य तू आजपासून सोडून दे. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आमेन म्हणायला ते ठीक आहे, हॉस्टेलच्या खोलीत नाही.

खरी गंमत पुढं आहे. हे व्हिडिओ ज्यांच्यासाठी बनतात तो समोरचा माणूस देवच न मानणारा असतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात तो भेटतो कितींदा? इथं शेजारी वारकरी असतो, लिंगायत असतो, जैन असतो, मुसलमान असतो, गणपतीत सगळ्या गल्लीचा असतो. त्यांतल्या बहुतेकांना 'तर्काच्या मुळाशी देव आहे' हे ऐकून धक्का बसत नाही. ईश्वर आहे हे तर्कानं सिद्ध करायचा खटाटोप नैयायिक उदयनाचार्यांनी हजार वर्षांपूर्वीच केलाय. तुझा रूममेट हसला तो बरोबरच हसला. तुझा युक्तिवाद 'देव आहे' इथपर्यंत पोचला, 'ख्रिस्त प्रभू आहे' इथपर्यंत पोचलाच नाही, आणि मधला रस्ता उरलाय हे त्यानं बोट दाखवून दिलं. तत्त्वज्ञानातही असाच आक्षेप आहे: बॅरी स्ट्राउड यांनी १९६८ मध्ये मांडलं की अशा युक्तिवादातून फार तर 'हे मानावंच लागतं' एवढं निघतं, 'हे तसं आहेच' असं निघत नाही. व्हॅन टिलची मंडळी याला उत्तर देतात, पण मला ते पुरतं पटलेलं नाही.

शेजाऱ्याची विश्वदृष्टी आतून समजून घेतल्याशिवाय तिच्यावर बोलू नकोस. सगळ्यांना 'हिंदू तत्त्वज्ञान' म्हणून एकाच पोत्यात भरलंस तर पहिल्या पाच मिनिटांत उघडा पडशील. अद्वैती आणि वारकरी यांना एकच प्रश्न विचारून चालत नाही. अद्वैत्याला विचारता येतं: भेद शेवटी मिथ्या असेल, तर खरं-खोटं, गुरू-शिष्य, पाप-पुण्य हे भेदही शेवटी गेले, मग ज्या तर्कानं इथं आलो त्याचं काय? तो म्हणेल, व्यवहारात ते सगळं खरंच आहे, परमार्थात नाही. हे उत्तर पोकळ नाही, त्याच्यावर खरोखर काम करावं लागतं. संस्कृत पंडित नीलकंठशास्त्री गोरे यांनी ते काम केलं. आधी त्यांनी ख्रिस्ती मताचं खंडन करायला संस्कृतात ग्रंथ लिहिला, मग १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढं षड्दर्शनांची, म्हणजे हिंदू तत्त्वज्ञानाच्या सहा शाखांची, चिकित्सा लिहिली. त्यांचे सगळे निष्कर्ष घे असं म्हणत नाही. पण समोरच्याचं शास्त्र त्याच्याच भाषेत शिकून मग बोलायचं, ही शिस्त घे. आपल्या गावचं उदाहरण हवं तर ख्रिस्ती झालेले मराठी लेखक बाबा पदमनजी आहेत, १८३१ मध्ये बेळगावातच जन्मलेले आणि इथल्याच मिशन शाळेत शिकलेले.

वारकऱ्याची गोष्ट वेगळी. त्याचा देव बोलतो, वाट बघतो, भक्ताचं ओझं वाहतो. भक्त आणि देव हे दोनपण त्याला हवंच असतं. ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक तर म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडं आलो. तेव्हा रूममेटला आधी सांग की कृपा, शरणागती, देवाचं जवळ येणं यांत तुमचं-आमचं बरंच जुळतं. फरक कुठं? ख्रिस्ती म्हणतो, देव एकदाच, एका ठरावीक काळात, रोमन सुभेदार पंतय पिलाताच्या अमलाखाली वधस्तंभावर गेला आणि तिसऱ्या दिवशी उठला. प्रेषित पौलानं करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात स्पष्टच लिहिलंय की ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ. ते पत्र साधारण इसवी सन ५३ ते ५५ च्या दरम्यानचं, म्हणजे घटनेनंतर पंचवीस वर्षांच्या आतबाहेरचं. त्यात तो साक्षीदारांची यादी देतो आणि त्यांतले बरेच अजून हयात आहेत असंही म्हणतो. खोटं पाडायची वाट त्यानं स्वतःच उघडी ठेवली. वाद करायचा तर इथं करावा.

म्हणून सुसंगतीला तिच्या जागी ठेव. जमिनीचे कागद आपसात तंतोतंत जुळले म्हणून जमीन तुझी होत नाही. उतारा, खरेदीखत, नकाशा सगळं जुळूनही शेवटी बांधावर जाऊन मोजणी करावी लागते, आणि बनावट कागद तर जास्तच नीट जुळतात. विसंगती सापडली की मत पडतं. विसंगती नाही, एवढ्यानं ते खरं ठरत नाही.

आता आपल्या घरात बघू, कारण रूममेट आज ना उद्या तिथं येणारच. 'एक देव आणि तीन व्यक्ती' हा विरोध आहे का? एकाच अर्थानं एक आणि तीन म्हटलं असतं तर होता. ३२५ ची निकेया आणि ३८१ ची कॉन्स्टँटिनोपल या परिषदांनंतर मंडळीनं तत्त्व एक आणि व्यक्ती तीन असं वेगवेगळ्या अर्थांनी धरलं. हे गूढ आहे, डोक्यात मावत नाही, ते कबूल कर. पण न मावणं आणि परस्परविरोध या दोन गोष्टी वेगळ्या, एवढंच तुला दाखवायचंय. पाणी-बर्फ-वाफ किंवा बेलाचं पान असली उदाहरणं देऊ नकोस. त्यांतून हटकून जुनं पाखंडच निघतं.

दुष्टाईचा प्रश्न जड आहे. देव सर्वशक्तिमान, देव चांगला आणि दुष्टाई आहे, ही तीन वाक्यं एकत्र टिकत नाहीत असं नास्तिक तत्त्वज्ञ जे. एल. मॅकी यांनी १९५५ मध्ये मांडलं. ख्रिस्ती तत्त्वज्ञ आल्विन प्लँटिंगा यांनी सत्तरच्या दशकात दाखवलं की माणसाला खरं स्वातंत्र्य देण्यासारखं कारण देवाकडं असू शकेल, तेव्हा तार्किक विरोध सिद्ध होत नाही. तेवढा डाव आपण जिंकलो असं मी मानतो. पण 'इतकं कशाला?' हा प्रश्न उरतो. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा एकदम फुगल्या. ज्याचं घर त्यात बसलं त्याला स्वातंत्र्याचा युक्तिवाद सांगून बघ. नदीला कुठलं आलंय स्वातंत्र्य? बायबलमधल्या, संकटात सापडलेल्या ईयोबाच्या मित्रांनी अशीच सुसंगत उत्तरं दिली आणि शेवटी देवानं त्यांनाच झापलं. अशा घरात जाशील तेव्हा घमेलं घेऊन चिखल काढायला लाग. कुणी विचारलंच तर वधस्तंभाबद्दल सांग, की आमचा देव दुःखाच्या बाहेर उभा राहून बघत बसला नाही. दुःख का आलं याचं हे उत्तर नव्हे, आणि आहे असं भासवूही नकोस.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न: कॉलेजात जाहीर वादसभा घ्यावी का? माझ्या मते नको. आपल्याकडं सध्या धर्मांतर हा शब्द नुसता कानावर पडला तरी लोक बिथरतात. धर्मांतरविरोधी विधेयक २०२१ च्या डिसेंबरात इथल्याच, बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटकच्या विधानसभेनं मंजूर केलं होतं, ते आठवत असेल. पण भीती हे माझं मुख्य कारण नाही. सभेत माणूस टाळ्यांसाठी बोलतो, आणि १ पेत्र ३:१५ मध्ये उत्तर द्यायला सिद्ध राहा याच्या लगेच पुढं सौम्यतेनं द्या असंही आहे. ती पुढची अट व्हिडिओवाले बऱ्याचदा गाळतात. खोलीतच बोला. मार्कचं शुभवर्तमान सोळाच अध्यायांचं, एका संध्याकाळी होतं. ते त्याला वाचायला दे आणि त्याच्याकडून गाथा घे. आणि त्यानं एखादा अभंग काढून 'हे तुमच्यात कुठं आहे?' म्हणून विचारलं, तर घाईनं वचन शोधू नकोस, आधी त्या अभंगाचा अर्थ त्यालाच विचार.